आंबिया बहार आणि केसरबाईंचे हंस

तिगावच्या शिवारात संत्र्याला आंबिया बहार आला, की केसरबाई कळंब्यांच्या हंसांची पिलं मरू लागत. हे इतकं नेमानं घडे, की बगीच्यातला सालदार श्रावण पहिलं पांढरं फूल दिसताच बाईंच्या राहत्या खोपडीमागे एक खड्डा खणून ठेवी. त्यात दुष्टपणा नव्हता. फुलाच्या दिवसांत बगीच्यात कामाची गर्दी असते, आणि हातातलं काम टाकून मधेच खड्डा खणायला त्याला आवडत नसे.

हंस म्हणजे दूध आणि पाणी वेगळं करणारा तो पुस्तकातला पक्षी नव्हे. केसरबाईंच्या हंसांनी दूध कधी पाहिलं नव्हतं, आणि पाणी ते आधी गढूळ करत, मग पीत. करड्या पाठीचे, नारिंगी चोचीचे, लांब मानेचे हे पाळीव पक्षी दिवसभर गवत खात आणि अनोळखी माणूस दिसला की अर्ध्या कोसावर ऐकू जाईल असे ओरडत. केसरबाई त्यांना राजहंस म्हणत. श्रावण त्यांना बदकं म्हणे, पण बाईंच्या मागे.

ते आले कसे, ते सांगायला हवं. केसरबाईंचे मालक केशवराव चौऱ्याऐंशी सालच्या भाद्रपदात बगीच्यात पाण्याचा दांड फोडायला वाकले असताना परड चावून गेले. परड हा या भागातला जाड, आळशी आणि अत्यंत विषारी साप. माणसाला पाहून तो पळत नाही. माणसानंच पळावं अशी त्याची अपेक्षा असते. मूलबाळ नव्हतं. तेराव्या दिवशी धाकटे दीर रघुनाथराव, ज्यांचं पांढुर्ण्यात कापडाचं दुकान होतं आणि या बगीच्यात निम्मा हिस्सा होता, ते म्हणाले, "वहिनी, आता सामान बांधा. पांढुर्ण्याले चला. घर मोठं हाये."

घर मोठं होतं, हे खरंच होतं. केसरबाई लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्याच घरात राहिल्या होत्या. तिथं चहा करायचा झाला तर आधी घरातल्या प्रत्येकाला घेता का विचारावं लागे, आणि मग दुधाचा अंदाज घेऊन बहुतेक वेळा करायचं राहून जाई. तिगावच्या बगीच्यात, दोन खोल्यांच्या कौलारू खोपडीत, त्यांना चहा हवा झाला की त्या चूल पेटवत. विधवा बाईला एकटं राहायला यापेक्षा मोठं कारण असावं असं समाजाला वाटतं. केसरबाईंना हे पुरेसं वाटत होतं.

"मी इथंच राहतो, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"अन् साप?"

याचं उत्तर त्यांनी महिनाभरानं आणलं. आमल्याच्या रेल्वे वसाहतीत एक निवृत्त गार्ड हंस पाळत असे, आणि जिथं हंस तिथं साप फिरकत नाही असं तो शपथेवर सांगे. केसरबाईंनी त्याच्याकडून एक नर आणि तीन माद्या घेतल्या, दोन डाल्यांत घालून पॅसेंजरनं निघाल्या. वाटेत टीसीनं डाल्याचं झाकण उचललं आणि एकदम मागे सरला.

"बाई, हे काय आहे?"

"राजहंस."

"याचं तिकीट?"

"ते कुठं बसून राहिले, साहेब? उभे हायेत."

टीसीला या प्रकारचा नियम आठवेना. गाडी तिगावला थांबली तेव्हा त्यानंच डाली उतरवून दिली.

रघुनाथराव पाहायला आले. नरानं त्यांच्या धोतराचा सोगा धरला आणि तो सोडवायला श्रावणला यावं लागलं. रघुनाथराव विचारी गृहस्थ होते, दुकानात बसून बसून समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यायची सवय लागलेले. ते म्हणाले, "ठीक आहे, वहिनी. हे आहेत तोवर राहा. हे गेले की तुम्ही पांढुर्ण्याले." केसरबाई हो म्हणाल्या. पाहता पाहता चार पक्ष्यांच्या आयुष्याला एका बाईचं घर बांधलं गेलं. पक्ष्यांना अर्थातच कोणी विचारलं नाही.

साप त्या वर्षी खरंच दिसला नाही. हंसांमुळे, की शेजारच्या बगीच्यात फवारणी जोरात झाली म्हणून, हे सांगता येणार नाही. पौषात माद्यांनी पिलं काढली. पिवळी, लोकरीच्या गोळ्यांसारखी. बगीच्यात तेव्हा ताण चालू होता. आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडांचं पाणी तोडतात, जमीन भेगाळू देतात, पानं मलूल होऊ देतात. मग पाणी सोडलं की झाड घाबरून फुलतं. ताणाच्या दिवसांत पिलं कोरड्या पाचोळ्यात दाणे टिपत हिंडली, वाढली. मग दांड फोडला, प्रत्येक झाडाभोवतीच्या आळ्यात पाणी भरलं, कोवळं गवत उगवलं, आणि दोन-अडीच आठवड्यांनी सगळा बगीचा पांढरा झाला. वास एवढा, की रेल्वेतले लोक खिडकीतून माना बाहेर काढत.

आणि पिलं खांदे पाडून उभी राहू लागली. कळपामागे रेंगाळत, चालता चालता बसत. चोचीत गवत धरत आणि तसंच टाकून देत. हातात घेतलं तर नुसती लव लागे. एक एक करत सगळी गेली.

"फुलाचा वास बाधला," श्रावण म्हणाला.

"वासानं मरते का कोनी?"

"माणूस नाई मरत, बाई. पण त्यायचं नाक केवढुसं? अन् वास किती गरम! माह्या बुढीले फुलाच्या दिवसांत रोज डोकं दुखते."

या सिद्धांतात खोट काढणं अवघड होतं. ताणाच्या दिवसांत एकही पिलू मरत नसे, फळ धरल्यावर मरायला शिल्लक उरत नसे. मरण काय ते फुलातच येई. मोठ्या पक्ष्यांना काही होत नसे, कारण, श्रावणच्या मते, त्यांना सवय होती. दुसऱ्या वर्षी केसरबाईंनी पिलांच्या गळ्यात कापराच्या पुड्या बांधल्या. वास गरम म्हणून गारवा हवा, तर त्यांना दिवसभर झाडाखालच्या ओल्या आळ्यात, मऊ गवतात बसवून ठेवलं. घरच्या लेकराला कोणी इतकं जपणार नाही. त्या वर्षी पिलं आणखी लवकर मेली.

तेव्हा त्या पहिल्यांदा ढोर दवाखान्यात गेल्या. तिथले डॉक्टर अनिल डिगरसे नोकरीला नवे होते. गाई-म्हशींवर त्यांचा हात बसला होता, कोंबड्यांवर बसत होता. हंसांबद्दल कॉलेजात एक तास झाला होता, आणि त्या दिवशी ते बहुतेक गावी गेले होते. त्यांनी लक्षणं ऐकली आणि म्हणाले, "जंत असतील." पायपराझिनची बाटली दिली, पाण्यातून पाजायला सांगितलं. "उद्या सकाळी जंत पडलेले दिसतील."

सकाळी केसरबाई आणि श्रावण उकिडवे बसून पाहत राहिले. काही पडलं नाही.

"म्हंजे जंत नाई," श्रावण म्हणाला. त्याचा सिद्धांत अधिकच भक्कम झाला.

डॉक्टरांना हे पटेना. जंत अनेक जातींचे असतात. पायपराझिननं लांब, पांढरे, आतड्यातले निघतात, बाकीच्यांना ते सरबतासारखं लागतं. विष्ठा तपासली असती तर अंडी दिसली असती. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक होता, पण त्याच्या भिंगावर बुरशी चढली होती आणि त्यातून काहीही ठेवलं तरी बुरशीच दिसे. डॉक्टर म्हणाले, "एक काम करा बाई. एखादं मेलेलं पिलू घेऊन या. ताजं. मी उघडून पाहतो. पोटात काय आहे ते कळलं की औषध सांगता येते."

"उघडून म्हंजे?"

"म्हणजे फाडून."

केसरबाई उठल्या. "नाई."

"अहो, ते मेलेलंच असेल."

"माहे मालकही मेलेलेच होते, साहेब," त्या म्हणाल्या. "साप चावून मेले तर पोलिसांचा कायदा हाये म्हणे. दवाखान्यात नेऊन फाडले. गळ्यापासून बेंबीपर्यंत, अन् पोत्यासारखं शिवून हाती देल्लं. काय निंगालं? साप चावला, हे निंगालं. ते मले घरीच माईत होतं."

 पुढच्या वर्षीही डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि केसरबाईंनी तेच उत्तर दिलं, फक्त यावेळी उभ्याउभ्याच. पिलं कपड्यात गुंडाळून, वर हळद टाकून, श्रावणच्या खड्ड्यात अखंड पुरली गेली. कशानं मेली ते त्यांच्याबरोबरच गेलं.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात एका रानमांजरानं दोन माद्या नेल्या. आता एक नर आणि एक मादी उरली, आणि दोघांचीही चाल मंदावली होती. दिवाळीत रघुनाथराव आले, भाऊबीजेचं लुगडं दिलं, आणि जाताना फाटकाशी थांबून म्हणाले, "वहिनी, मी काही बोलत नाही. पण हे दोन म्हातारे किती दिवस पुरतील?"

"पौषात पिलं निंगतीन."

"दरवर्षी निंगतेत." ते हे टोमणा म्हणून बोलले नव्हते. "या साली जगली तर मी पुन्हा तोंड उघडत नाही. नाही जगली तर उन्हाळ्यात जीप पाठवतो. आईची शपथ, वहिनी, मले रात्री झोप येत नाही. दादा कुठं पडला होता ते मी पाहिलं हाये."

खोटं नव्हतं ते. रघुनाथरावांच्या स्वभावातली ही मोठी अडचण होती. त्यांच्याशी भांडायला कारणच सापडत नसे.

पौषात पाच-सहा पिलं निघाली. माघात पाणी सोडलं. फुलं आली. आणि एका सकाळी सगळ्यात धीट पिलू, जे श्रावणच्या अंगठ्याला चोच मारायचं, ते पाणी पिण्याच्या घमेल्याजवळ मान टाकून पडलेलं सापडलं. श्रावण फावडं घेऊन आला.

"राहू दे," केसरबाई म्हणाल्या.

त्यांनी ते पिलू धुतलेल्या पंच्यात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बस पकडून ढोर दवाखान्यात गेल्या. टेबलावर पिशवी ठेवली. "पाहा," एवढंच म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंतीवर खुरकुताच्या लसीचा कागद होता. तो त्यांना वाचता येत नव्हता, तरी त्या वाचत राहिल्या.

मागून कात्रीचा आवाज आला. 

"बाई, सापडलं," डॉक्टर म्हणाले. "पाहायचं असेल तर पाहा. नाहीतर राहू द्या."

"पायतो."

पक्ष्याला दात नसतात; दाणे दळायला त्याच्या पोटात जाड स्नायूची एक पिशवी असते. कोंबडीवाले तिला पोटा म्हणतात. डॉक्टरांनी ती मधोमध चिरली होती. आतलं पिवळं अस्तर ठिकठिकाणी काळं पडून सुटलं होतं. संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा ओढावा तसं डॉक्टरांनी ते चिमट्यानं ओढलं. त्याच्याखाली केसांएवढे बारीक तांबडे धागे वळवळत होते. एवढ्या लहान जागेत इतके, की शिवणाच्या डब्यात दोऱ्याचा गुंता व्हावा.

"पोट दळतच नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "खाऊन उपाशी मेलं."

"हे फुलानं होते का?"

"फुलानं?" डॉक्टरांनी मान वर केली. "नाही हो. ओल्या गवतानं. मोठ्यांच्या पोटात हे थोडे असतातच, ते अंगावर काढतात. त्यांच्या विष्ठेतून अंडी पडतात. जमीन कोरडी असली तर मरून जातात. पण ओल मिळाली की अळी निघते, गवताच्या पातीवर चढून बसते. पिलू पाती खाते. संपलं."

केसरबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. ताण, पाणी, कोवळं गवत, मग फूल. चार वर्षं हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर याच क्रमानं झालं होतं. त्यातलं फक्त शेवटचं तेवढं त्यांनी धरलं होतं.

"मी त्यायले आळ्यातच बसवून ठेवत होतो," त्या म्हणाल्या. "गारव्याले."

डॉक्टर हात धुवायला गेले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ धूत राहिले.

या वेळी औषध वेगळं होतं, टेट्रामिसोलची भुकटी. पाण्यात कालवून, प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे, ड्रॉपरनं घशात. मोठ्यांनाही द्यायचं, कारण पेरणी तेच करत होते. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. "पण औषध निम्मं काम करते," डॉक्टर म्हणाले. "बाकी निम्मं तुम्ही. ओल्या गवतावर एक पाऊल नाही टाकू द्यायचं. पावसाळ्यापर्यंत, म्हणजे पिलं मोठी होईतोवर, कोरडी जागा पाहिजे."

औषध लागू पडलं. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण पुढचं ऐकून तसं वाटणार नाही. आणखी एक पिलू गेलं. उरलेल्यांनी आठवड्याभरात माना वर काढल्या. केसरबाईंनी त्यांना खोपडीत घेतलं. सारवलेल्या जमिनीवर हंसांचं कुटुंब राहिलं आणि बाई ओसरीत झोपल्या. ज्वारी, वाळवलेला लसूणघास, घमेल्यात विहिरीचं पाणी. पिलांना पिसं फुटली. पण खोपडीत कोंडलेला हंस सापापासून कसा राखणार? आणि बाहेर सोडावं तर फळ धरलेल्या बगीच्यात दर पाळीला पाणी, दर आळ्यात गवत. आंबिया घेतला की पाऊस येईपर्यंत झाडांना पाणी द्यावंच लागतं. सगळ्या शिवारात वीतभर कोरडी जागा नव्हती.

तेव्हा केसरबाईंनी ती केली. खोपडीभोवतीच्या कोपऱ्याकडे जाणारा दांड त्यांनी मातीनं बुजवायला सांगितला.

श्रावणला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बाई, तिकडं पंधरा-वीस झाडं हायेत. फळ धरलं हाये त्यायनं."

"धरू दे."

"पोटुशा बाईले तहानलं ठेवता का?"

"तू बुजव."

"पाप लागन."

"मले लागन. तू फावडं मार."

चैत्रापर्यंत तो कोपरा करपला. गवत वाळून धूळ झालं, पानं वळली, बोरांएवढी हिरवी फळं टपटप गळून जमिनीवर पसरली. आणि त्या सगळ्या उद्ध्वस्तीवर हंसांचं कुटुंब दिवसभर ऐटीत फिरे, खोपडीच्या चारी बाजूंनी पहारा दिल्यासारखं. त्यांची तब्येत उत्तम होती. केसरबाईंनी कित्येक महिन्यांनी संध्याकाळी दारात बसून चहा घेतला.

रघुनाथराव आले ते हंस पाहायलाच. फाटकातून आत आले, थांबले.

"श्रावण, मोटर बिघडली का?"

"नाई जी."

"मंग इकडं पाणी काहून नाही?"

श्रावणनं आभाळाकडे पाहिलं. "बाईले इचारा."

"वहिनी?"

"म्या बंद केलं."

"काहून?"

"पिलांले कोरडं लागते, भाऊजी. डॉक्टरनं सांगितलं. पाहा न, उरली ती सगळी जगली."

रघुनाथरावांनी पिलांकडे पाहिलं. मग वाकून एक गळलेलं फळ उचललं, चिमटीत फिरवलं. "हे दादानं लावलेलं झाड हाये, वहिनी."

"माईत हाये. लावलं त्यायनं, पाणी म्याच घातलं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "उन्हात बसू नका. तुम्ही जरा आराम करा." आणि श्रावणला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत राहिले. बोलताना श्रावण दोनदा खोपडीकडे वळून पाहत होता.

पांढुर्ण्याच्या घरात यावर चर्चा झाली. फळ धरलेली झाडं बदकांसाठी वाळवणारी बाई शहाणी कशी म्हणायची, यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. घर शेतकऱ्याचं होतं, दुकान नंतरचं. रघुनाथरावांची बायको प्रेमलता म्हणाली, "एकटं राहून राहून डोक्यावर गेलं त्यांच्या. जामसांवलीले नेऊ. तिथल्या हनुमानाजवळ असं उतरते म्हणतेत."

शनिवारी जीप आली. जामसांवलीच्या हनुमानाला जायचं म्हटल्यावर केसरबाईंनी आनंदानं नारळ घेतला. पिलं जगली म्हणून त्यांना जायचंच होतं. श्रावणला दाणा-पाण्याचं सांगितलं, संध्याकाळपर्यंत येते म्हणाल्या. दर्शन झालं. प्रेमलता त्यांना मंडपात बसवून कोणाशी तरी बोलायला गेली. मंडपात पुष्कळ लोक बसले होते. एक जण सारखी मान हलवत होता. एका तरुण पोरीला तिच्या आईनं मनगट धरून ठेवलं होतं. ती आई केसरबाईंकडे सरकली.

"तुमच्यात कोनाले तरास हाये, बाई?"

केसरबाईंनी आजूबाजूला पाहिलं. रघुनाथराव पायऱ्यांवर पाठ करून उभे होते. प्रेमलता एका म्हाताऱ्याला काहीतरी सांगत होती आणि बोलता बोलता हातानं इकडे दाखवत होती.

"मलेच असन," केसरबाई म्हणाल्या.

त्या शनिवारी तिगावला परत जाणं झालं नाही. गुण यायला असे आणखी काही शनिवार तिथं जायचे होते, आणि मधल्या दिवसांत पांढुर्ण्याहून सोयीचं पडत होतं. मग श्रावणनं त्यांची पेटी आणून दिली. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. तीर्थ दिलं ते घेतलं. गुण आला असं सगळ्यांना वाटलं. हंसांचं काय करायचं हा प्रश्न होता. रघुनाथरावांची मुलगी नलिनी बोरगावला दिली होती. तिच्या सासऱ्यांना पक्ष्यांची हौस होती आणि घरापुढे सिमेंटचं मोठं अंगण होतं. सगळे हंस तिकडे गेले. सिमेंटवर गवत उगवत नाही. डॉक्टर डिगरसे एकदा तिकडून जाताना थांबले तेव्हा त्यांना इतके निरोगी हंस पहिल्यांदाच पाहायला मिळाले.

तिगावच्या खोपडीत आता श्रावण राहू लागला. परडाची त्याला भीती वाटत नसे असं नाही, पण त्याच्यासाठी जीप पाठवणारं कोणी नव्हतं.

मृग लागला, पाऊस पडला. आणि करपलेला तो कोपरा, उन्हाळाभराच्या ताणानंतर, असा फुलला की श्रावण पाहतच राहिला. आंबिया गेला होता. मृग बहार आला. बाकीच्या बगीच्यातला आंबिया विहीर आटल्यामुळे उन्हाळ्यात निम्मा गळला होता आणि उरलेला बारीक निघाला. कोपऱ्यातल्या झाडांची संत्री पुढच्या फाल्गुनात उतरली, मोठी, पातळ सालीची, आणि व्यापाऱ्यानं बगीच्यात उभं राहूनच भाव सांगितला.

त्या संध्याकाळी रघुनाथराव एक टोपली घेऊन घरी आले. केसरबाई मागच्या पडवीत तूर निवडत होत्या. त्यांनी टोपली समोर ठेवली आणि स्वतः पाटावर बसले.

"वहिनी, तुमच्याच झाडांची. खाऊन पाहा."

केसरबाईंनी एक सोललं. "गोड हायेत."

"मी चुकलो होतो," रघुनाथराव म्हणाले. असं म्हणायला त्यांना कधीच जड जात नसे. "तुम्हाले कसं सुचलं? आमच्या विहिरीले आंबिया पेलतच नाही. मृगच पाहिजे. दादाच्याही हे ध्यानात नाही आलं."

"मले संत्र्याचं काई सुचलं नव्हतं, भाऊजी. मी पिलांसाठी पाणी तोडलं होतं."

"तेच म्हणून राहिलो मी," ते हसून म्हणाले. "पुढच्या सालापासून सगळाच बगीचा मृगावर घेतो."

केसरबाईंच्या हातातली फोड तशीच राहिली. "सगळा? म्हंजे उन्हाळाभर पाणी नाई?"

"थेंब नाही."

"गवत?"

"गवत कुठून येणार? धूळ उडन नुसती."

आत प्रेमलता कोणाकोणाला चहा हवा ते विचारत होती. केसरबाई पदर सावरून नीट बसल्या.

"मंग मी जातो, भाऊजी, तिगावले."

रघुनाथराव खरोखर विचार करत होते. "अन् साप?" ते शेवटी म्हणाले. "हंस असते तर मी नाही म्हटलं नसतं. तुम्हाले शब्दच देल्ला होता. पण ते तर आता नलिनीच्या सासरी. तिच्या सासऱ्यांचा जीव हाये त्यांच्यावर." मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल तर मी मागून पाहतो."

केसरबाईंनी मान हलवली.

"नाई," त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरी देल्लेलं परत नाई आणत."